तीस मीटर कमी

४ जानेवारी

भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर तुझ्या आईचं आहे म्हणून तू ते फोडलंस, आणि आत निघालो मी. फसवलं खरं. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट तसंच मावशीच्या लाँड्रीतल्या कपाटावर टाकून दिलं असतंस. आता फोडलंच आहेस, तर वाच. नंतर काय करायचं ते कर.

आशीर्वाद लिहायचे असतात सुरुवातीला. लिहीत नाही. माझ्या आशीर्वादाचा गुण तुला गेल्या वर्षी आलाच आहे.

तू फोन घेत नाहीस. घेतलास तरी मी बोलणार काय? तुझी आई म्हणते, "अहो, फोनवर तुम्ही 'हं' आणि 'बरं' याच्या पुढे कधी गेलात? त्यापेक्षा लिहा. हात काही मोडले नाहीत ना?" हात धड आहेत. रोज रस्त्यावर पट्टे मारतोच आहे.

लिहायला कारण घडलंय. शर्यतीच्या समितीचा माणूस काल घरी आला होता. यंदाच्या दहा किलोमीटरचा रस्ता मीच मोजून द्यावा म्हणतात. मी म्हटलं, दुसरा कुणी बघा. तर म्हणतो कसा, "तुमच्याइतका प्रामाणिक माणूस आम्हाला कुठे मिळणार?" तुझ्या आईने त्याच्यासमोर चहाचा कप असा आपटला की बशीला तडा गेला. तो शब्द आमच्या घरात आता शिवीसारखा ऐकू येतो.

मी त्याला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्याच रस्त्यावर गेल्या वर्षी तू पळालीस, पहिली आलीस, चार सेकंदांनी विक्रम मोडलास. त्या वेळेच्या जोरावर तुझी क्रीडा प्रबोधिनीत निवड झाली. आणि महिनाभराने त्याच समितीसमोर उभा राहून मी सांगितलं की माझ्या मोजणीत चूक आहे, रस्ता तीस मीटर कमी भरलाय. विक्रम गेला, निवड गेली आणि तूही गेलीस. तुला विचारल्याशिवाय मी त्या रस्त्यावर पुन्हा मोजणीचं चाक टेकवणार नाही. मोजू का नको, एवढंच कळव. एका शब्दात कळवलंस तरी चालेल.

बाबा


१५ जानेवारी

भिंगरी,

उत्तर आलं नाही. पण परवा तू आईशी बोलत होतीस तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या दिव्याचं बटण दुरुस्त करत होतो. ते बिघडलेलं नव्हतं. "फाडलंस का गं पत्र?" असं आईने विचारलं आणि तू काय म्हणालीस ते ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर तिने मला जास्तीची पोळी वाढली. त्यावरून मी समजलो की पत्र शाबूत आहे.

म्हणून पुढे लिहितो. मला तुझ्याशी ज्या गोष्टीबद्दल बोलायचंय ती बोलायला या घरात दुसरं कुणी नाही. तुझ्या आईसमोर विषय काढला की ती म्हणते, "त्या मेल्या आकड्यानेच घर मोडलं."

शाळेत माझं आणि गणिताचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं, हे तुला माहीत आहे. बावीस सप्तमांश. का? तर गुरुजी म्हणाले म्हणून. बावीसच का, तेवीस का नाही, असं एकदा विचारलं तर बोटांवर पट्टी बसली. ते सूत्र मी परीक्षेपुरतं तोंडात धरलं आणि परीक्षा संपल्यावर थुंकून टाकलं. नापास झालो ते झालोच. पुढे तीस वर्षं रोज चाक ढकलून रस्ते मोजले, पण चाकाचा आणि त्या बावीस सप्तमांशचा काही संबंध असेल असं डोक्यात आलं नाही. चाकावर आकडा लिहिलेला होता, एका फेरीला इतके मीटर. फेऱ्या मोजायच्या आणि गुणायचं. बैलालाही जमेल.

मग तुझी शर्यत झाल्यावर आठ-दहा दिवसांनी मी चाकाला नवं टायर बसवायला सायकलवाल्याकडे गेलो. आठवतं ना, जाड भिंगाचा चष्मा, सारखा खोकणारा? त्याने जुनं टायर काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "काका, हे टायर आहे का पापड? कधीपासून वापरताय?" मी सहज म्हणून जमिनीवर खडूने रेघ मारली. आधी जुन्या टायरचं चाक एक फेरी फिरवलं, मग नवीन बसवून फिरवलं. जुनं अलीकडे थांबलं. फार नाही, बोटाच्या नखाच्या अर्ध्याएवढं. मला गंमत वाटली. टायर झिजलं होतं जेमतेम एक मिलिमीटर, मग फेरीत सहा मिलिमीटर कमी कसे पडले? एकाचे सहा कुठून आले?

घरी येऊन हे मी तुलाच विचारलं. तू पायाला तेल चोळत बसली होतीस. तू म्हणालीस, "बाबा, पाय."

मी म्हटलं, "बघतोय ना, पायच चोळते आहेस."

तू इतकी हसलीस की तेलाची वाटी कलंडली. मग उठून तू डब्याचं झाकण आणलंस, शिवणाच्या डब्यातून दोरा काढलास, आणि दोऱ्याचं एक टोक माझ्या बोटाखाली दाबून धरलंस. झाकणाभोवती एक वेढा. तोच दोरा झाकणावर आडवा ठेवला. तीनदा बसला आणि थोडा उरला. मग पातेलं घेतलं, बांगडी घेतली, बादली घेतली. दर वेळी तीनदा बसला आणि थोडा उरला. टायर दोन्ही बाजूंनी झिजतं, म्हणून व्यास दोनाने कमी आणि फेरी सहाने, असं तू म्हणालीस. तुझी आई कामावरून आली तेव्हा आपण दोघं पाण्याच्या पिंपाला दोरा गुंडाळत होतो. ती म्हणाली, "मापं घेताय होय? झंपर शिवा सगळ्यांना."

भिंगरी, पन्नाशी उलटलेला माणूस मी. इतकी वर्षं या घरात जेवलो, पण त्याच पातेल्यात आणि त्याच बांगडीत एकच गोष्ट लपून बसली आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तू सांगितलंस. तो उरलेला थोडा तुकडा किती, हे कुणालाच शेवटपर्यंत लिहिता येत नाही, आकडे संपतही नाहीत आणि त्यांची पुनरावृत्तीही होत नाही, हेही तूच सांगितलंस. मी म्हटलं, "काहीतरीच. कुठेतरी संपत असेल." तू म्हणालीस, "नाही संपत. सिद्ध केलंय लोकांनी." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की शाळेत माझं काहीतरी चोरीला गेलं होतं आणि ते पोरीने परत आणून दिलं.

ते आठ दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे होते. तुझ्या निवडीचं पत्र भिंतीला लावलेलं, तू सकाळी पळून येणार, मी दोरा घेऊन तयार. आणखी आठ दिवस तसेच राहिलो असतो तर काय बिघडलं असतं?

बाबा


२८ जानेवारी

भिंगरी,

निरोप मिळाला. तुझ्या आईने जसाच्या तसा सांगितला, चेहराही तसाच करून. "त्यांना म्हणावं, मला गोष्टी नकोत. मला एवढंच सांगा की घरी मी होते, मग आधी समितीला का सांगितलंत?"

बरोबर आहे. मागच्या पत्रात मी दोरे गुंडाळत बसलो, कारण या प्रश्नापाशी यायचं नव्हतं.

ऐक तर. गोष्ट माझ्या डोक्यात आली ती पिंपाजवळ नाही, बाजारात आली. पिशवी घेऊन रांगेत उभा होतो. मनात नेहमीचाच खेळ चालला होता. तू सांगितलेलं एक कोडं होतं ना, चाक बांगडीएवढं असो नाहीतर पृथ्वीएवढं, वरून एक मिलिमीटर झिजलं की फेरीत सहाच मिलिमीटर आणि वर थोडे कमी होणार? मला ते पटतच नव्हतं. पृथ्वी केवढी, बांगडी केवढी! रांगेत उभ्या उभ्या ते पटलं. आणि पटल्याबरोबर पुढची गोष्ट आपोआप आली. शर्यतीचा रस्ता मी त्याच झिजलेल्या चाकाने मोजला होता. त्यावरचा आकडा टायर नवं असतानाचा होता. चाक म्हातारं झालं आणि आकडा तरुण राहिला. प्रत्येक फेरीला सहा मिलिमीटर, आणि दहा किलोमीटरला फेऱ्या किती? मी पिशवी खाली ठेवली आणि बोटांवर हिशेब केला. तीस मीटर.

तुझ्या वेगाने तीस मीटर म्हणजे सहा सेकंद. विक्रम तू चार सेकंदांनी मोडला होतास.

भाजी न घेताच घरी आलो. तू जेवत होतीस. समोर बसलो. तू म्हणालीस, "बाबा, चेहरा का असा? भाजीवाल्याने फसवलं का?" मी म्हटलं, "नाही गं, भाजी संपली होती." तेव्हा सांगायचं होतं. ताट समोर होतं, तू होतीस, घर होतं. नाही सांगितलं. तू प्रबोधिनीत न्यायच्या ब्लँकेटबद्दल बोलत होतीस, लाल घेऊ का निळं. मी म्हटलं, निळं. आठवडाभर रोज ठरवलं आणि रोज तू काही ना काही आनंदाचं बोलत होतीस. परक्यांना सांगणं सोपं असतं, पोरी. परक्यांच्या ताटात काही पडत नाही. म्हणून मी समितीकडे गेलो.

इथपर्यंत तुलाही अंदाज असेल. भेकड बाप, एवढंच. पण तू रागावलीस ती यावरून नाही, हे मला माहीत आहे. त्या संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा तू दारातच होतीस. कुणीतरी फोन करून तुला आधीच कळवलं होतं. तू माझ्याकडे बघितलंस आणि एक अक्षर न बोलता आत गेलीस. त्यानंतर आजवर बोलली नाहीस. तू काय बघितलंस ते मी कधी मान्य केलं नाही. तुझी आई विचारून थकली.

माझा चेहरा खुललेला होता.

समितीच्या फळ्यावर मी खडूने चाक काढलं होतं. सहा-सात शिकलेली माणसं समोर. मी त्यांना समजावून सांगितलं, हा व्यास, हा परीघ, एवढं झिजलं की एवढं कमी. त्यांना कळेना, मी पुन्हा सांगितलं. एकजण म्हणाला, "पण रस्ता एवढा लांब, एका मिलिमीटरने काय होतंय?" आणि मी त्याला फळ्यावर करून दाखवलं. शाळेत ज्या फळ्यासमोर मला घाम फुटायचा, तिथे मी उभा होतो आणि उत्तर बरोबर आलं होतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या पाच मिनिटांत मी तुला विसरलो होतो. खोटं कशाला बोलू, साफ विसरलो होतो. घरी चालत येईपर्यंत तो आनंद माझ्या तोंडावर तसाच होता. तुझं सगळं बुडवून आलो आणि गणित सुटलं म्हणून हसत आलो.

पुढच्या आठवड्यात पेपरात माझा फोटो आला. महिन्यापूर्वी तुझा आला होता, त्याच पानावर. 'प्रामाणिक मोजणीदार' म्हणून. काही लोक मागून म्हणत होते, कुंपणानेच शेत खाल्लं, बापाने मुद्दाम रस्ता आखूड मोजला असणार आणि मग भीती वाटली असणार. ते बोलणं मला फोटोपेक्षा बरं वाटायचं.

रस्ता कमी होता हे सांगायलाच हवं होतं. ते मी आजही सांगेन. पण आधी तुला सांगायला हवं होतं, आणि सांगताना रडायला हवं होतं. दोन्ही केलं नाही.

बाबा


११ फेब्रुवारी

भिंगरी,

मावशीने तुझ्या आईला सांगितलं की तू पळायचे बूट कुणाला तरी देऊन टाकलेस. दिवसभर इस्त्री, संध्याकाळी शटर ओढायचं आणि झोपायचं. "पायाला भिंगरी असलेली पोर आता दुकानाची पायरीसुद्धा उतरत नाही," म्हणाली. 

मग मी एक आगाऊपणा केला. रागावशील. आधीच रागावलेली आहेस, त्यात भर.

शनिवारी सकाळच्या बसने चाक घेऊन तुझ्या गावाला आलो. कंडक्टर म्हणाला, "बाकीची सायकल कुठे विसरलात?" स्टँडवर उतरलो. आधी मोकळ्या जागेत स्टीलची टेप पसरून चाक तपासलं. टेपवर फिरवलं, पुन्हा फिरवलं, आकडा नव्याने काढला. आता दर वेळी तपासतो. लोक हसतात. हसू देत.

लाँड्रीसमोरच्या दिव्याच्या खांबापासून सुरुवात करायचं ठरवलं. समोरच्या हॉटेलात बसून मी तुला बघितलं. तू चादरी घड्या घालत होतीस, दोन्ही टोकं जुळवून, अगदी काटेकोर. मान वर केली नाहीस. बारीक झालीस. दोन कप चहा झाला, तिसरा मागवला आणि न पिता उठलो. रस्ता ओलांडून यायला दहा पावलं पुरे होती. नाही आलो. मागच्या वेळी तू दारात उभी होतीस आणि मी चेहरा घेऊन आलो होतो. या वेळी कुठला घेऊन यायचा ते कळेना.

म्हणून मोजत निघालो. खांबापासून उजवीकडे, शाळेच्या भिंतीला धरून कालव्यापर्यंत, मग कालव्याच्या कडेने सरळ. सावली आहे, कुत्री फारशी नाहीत, एक आहे पण ते म्हातारं आहे. पाण्याच्या उंच टाकीपाशी पाच किलोमीटर होतात. तिथे पांढरी रेघ मारली आहे. तिथून वळायचं आणि परत खांबाशी यायचं. खांबाशीही रेघ आहे. दुकान बंद झाल्यावर मारली. एका पोलिसाने विचारलं, "काय चाललंय?" मी म्हटलं, "मोजणी." माझे खाकी कपडे बघून त्याने सलाम केला.

एक गोष्ट सांगून ठेवतो. मोजणीदारांचा एक रिवाज आहे, तो मला नंतर कळला. कितीही जपून मोजलं तरी चूक राहतेच, म्हणून दर किलोमीटरला एक मीटर मुद्दाम जास्त धरायचा. रस्ता लांब भरला तर चालतो, आखूड भरलेला चालत नाही. मी तसाच धरलाय. दहा किलोमीटरवर दहा मीटर जास्त आहेत. तीस मीटर मी तुझे खाल्ले, त्याची ही फेड नव्हे. फेड होणारच नाही.

पळ म्हणत नाही. रेघ आहे, एवढंच सांगतो.

बाबा

ता. क. बूट तुझ्या आईने पाठवलेत. माझं नाव सांगायचं नाही अशी तिला ताकीद दिली होती, पण तिच्या पोटात काही राहत नाही. माप जुनंच आहे.


२ मार्च

भिंगरी,

आज दुपारी तुझं कार्ड आलं. तुझी आई शेजारणीकडे गेली होती, म्हणून ते थेट माझ्या हातात पडलं. पत्त्यावर माझं नाव तू तुझ्या अक्षरात लिहिलंयस, ते मी बराच वेळ बघत होतो. मागे दोनच ओळी. "काल पळाले. आधीपेक्षा चार मिनिटं जास्त लागली. रस्ता नक्की दहाच आहे ना?"

कार्ड घेऊन मागच्या पायरीवर बसलो. काय लिहू?

मला कळतंय तू काय विचारते आहेस. आणि एक चोरवाट माझ्यासमोर उघडी आहे, तीही दिसते आहे. 'अगं, बसच्या धक्क्यांत चाक हललं असेल, रस्ता जवळजवळ अकरा किलोमीटर भरला असेल, तू आहेस तशीच आहेस,' असं लिहिलं तर तुला कधी कळणार नाही. तू पुन्हा जोमाने पळशील. एकदा खरं बोलून तुला घालवलं, आता एकदा खोटं बोलून परत मिळवावं, असं मनात आलं. पाच-दहा मिनिटं आलं. तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही म्हणून हेही लिहितो.

रस्ता बरोबर आहे, पोरी. दहा किलोमीटर आणि वर ते दहा मीटर. दहा मीटरला तुझे फार तर दोन-सव्वादोन सेकंद जातात. बाकीची चार मिनिटं रस्त्याची नाहीत. ती वर्षभर न पळालेल्या पायांची आहेत. त्यातली किती तुझी आणि किती माझी, हा भागाकार मी बसून करून बघितला. शेवटपर्यंत सुटत नाही, आकडे येतच राहतात. माझ्या वाट्याला जास्त येतात एवढं नक्की.

हे लिहिताना चेहरा कसा आहे ते बघायला मी आत जाऊन आरशासमोर उभा राहिलो. तुला चालेल असा आहे.

वर्ष परत येणार नाही. प्रबोधिनीचं वय पुढच्या वर्षी संपतं, तेही मला माहीत आहे. चार मिनिटं कमी होतील का, ते मी सांगू शकत नाही. ते मोजायला माझ्याकडे चाक नाही.

तुझी आई अजून आली नाही. समितीचा माणूस उद्या उत्तर न्यायला येणार आहे. तू पळालीस हे तिला माहीत नाही, आणि शर्यतीचा रस्ता मी मोजणार की नाही ते त्याला माहीत नाही; तुझा शब्द आल्याशिवाय सांगणारही नाही. कुणालाही काही सांगितलेलं नाही. आधी तुला.

बाबा